सेकंडहँड गाडी, फुल्ल टू थ्रिल!

मित्राच्या घरी प्लेस्टेशनवर ‘ग्रॅन टुरिस्मो’ खेळून सुट्ट्या काढल्यात? टीव्हीवर दहाव्यांदा ‘फास्ट अँड फ्युरिअस’ बघून झाल्यावर खाली येऊन बाबांच्या स्प्लेंडरला उगाचच रेस दिलीत? मग तुम्ही आमच्याच गँगमधले!

इथे असताना हे प्रेम एकतर्फीच राहतं. वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि ड्युटीचा आकडा ऐकून घाम फुटतो. पण नोकरीनिमित्त लंडन, रेडिंग नाहीतर मँचेस्टर गाठलं की चित्रच पालटतं. स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे, रस्त्याची बाजूही आपलीच. आणि ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसून सहज जाहिराती चाळल्या, तर पाच हजार पौंडांच्या आत चक्क जपानी स्पोर्ट्स कार!

आता जरा ब्रेक मारा. हे पाच हजार म्हणजे घरून डबा नेऊन, रूम शेअर करून साठवलेले पैसे. त्यातच पुढच्या उन्हाळ्यातल्या आईबाबांच्या तिकिटांचाही वाटा आहे. म्हणून पहिला फंडा लक्षात ठेवा : गाडीची किंमत हा खर्चाचा फक्त पहिला हप्ता असतो. पाच हजार हातात असतील तर गाडी साडेतीन हजारांची घ्यायची. उरलेले दीड हजार टायर, क्लच, विमा आणि ‘अरे देवा’साठी!

स्कायलाइन, सुप्रा विसरा. त्या आता श्रीमंत संग्राहकांच्या झाल्यात. होंडाची एस२००० सुद्धा २००९ मध्ये बंद झाल्यापासून भाव खातेय. उरतात चौघी. चला, बघण्याचा कार्यक्रम उरकून घेऊ.

आरएक्स-८ : दिसते छान, पिते फार

माझदाची ही २००३ ची सुंदरी. चार जणांना नीट बसता येतं आणि मागची दारं उलटी उघडतात, त्यामुळे पार्किंगमध्ये भाव एकदम वधारतो. किंमत बघाल तर चौघींत बहुधा हीच सर्वांत स्वस्त. का बरं?

उत्तर बॉनेटखाली आहे. हिच्या इंजिनात पिस्टन नाहीत, दोन तिकोनी रोटर फिरतात. आवाज आणि पिकअप, दोन्ही लाजवाब. पण रोटरच्या टोकांवरची सील झिजली की कॉम्प्रेशन जातं, आणि इंजिन नव्याने बांधायचा खर्च अनेकदा गाडीच्या किमतीच्या वर जातो. सील ओली राहावीत म्हणून इंजिन मुद्दामच थोडं ऑइल जाळतं, त्यामुळे ऑइलची पातळी सतत बघावी लागते. पेट्रोलचं तर विचारूच नका, लिटरला सात-आठ किलोमीटर. गार इंजिन सुरू करून, दोन फूट गाडी हलवून लगेच बंद केलंत, तर पुढच्या वेळी ती रुसून बसू शकते.

तरीही जीव जडला असेल, तर गाडी चांगली गरम होऊ द्या, बंद करा आणि पुन्हा स्टार्टर मारा. बराच वेळ नुसतीच घुरघुरली, तर नमस्कार करून निघा. लगेच सुरू झाली तरी रोटरीसाठीच्या खास उपकरणाने कॉम्प्रेशन मोजून घ्या. नेहमीचं उपकरण इथे चालत नाही.

३५०झेड : दम आहे, दामही आहे

निसानची ही रांगडी बाई. साडेतीन लिटरचं व्ही६, सुरुवातीच्या गाड्यांतही सुमारे २८० अश्वशक्ती. मोटरवेवर हिच्यासारखी मजा नाही. फक्त टायर रुंद, ब्रेक मोठे आणि बिलंही त्याच मापाची!

खरी गोम मात्र तारखेत आहे. २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेल्या गाडीला ब्रिटनचा रोड टॅक्स वर्षाला चारशे पौंडांहून थोडा जास्त पडतो. त्या दिवशी किंवा नंतर नोंदलेली, जास्त धूर सोडणारी अशीच गाडी थेट सातशेच्या वर जाते. तीच गाडी, तेच इंजिन! आरएक्स-८ लाही हाच नियम लागतो. म्हणून रंग बघायच्या आधी नोंदणीची तारीख बघा.

एमआर२ : इंजिन पाठीशी

टोयोटाची तिसऱ्या पिढीची एमआर२ वजनाला जेमतेम टनभर. इंजिन सीटच्या मागे, त्यामुळे वळणावर गो-कार्ट चालवल्याचा फील. गैरसोय एकच, पण दणदणीत : सामान. विकेंडला चौघांचा बार्बेक्यू असेल तर कोळसा एका गाडीत आणि तुम्ही दुसऱ्या!

हिच्यात दोन गोष्टी तपासा. सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्या पिस्टन रिंगमुळे ऑइल पितात. शिवाय इंजिनालगतचा छोटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून चुरा होऊ शकतो, आणि तो चुरा इंजिनात ओढला गेला की खेळ खल्लास. आधीच्या मालकाने त्याचं काय केलं, ते थेट विचारा. उत्तर देताना तो गडबडला, तर समजून जा.

एमएक्स-५ : छोटा पॅक, बडा धमाका

ताकद म्हणाल तर फार नाही. पण १९८९ पासून माझदाने फॉर्म्युला बदललेला नाही : गाडी हलकी, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना आणि छत उघडणारं. २०१६ मध्ये या गाडीने दहा लाखांचा टप्पा ओलांडला, त्यामुळे सुटे भाग आणि ही गाडी ओळखणारे मेकॅनिक, दोन्हींची चणचण नाही. वेग कमी असूनही वळणांवर हसू फुटतं, ते इथेच.

हिचा शत्रू एकच, गंज. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्यात छताच्या पाण्याची भोकं तुंबली की पाणी मागच्या चाकांपुढच्या पत्र्यात साचतं. वरून रंग चकाचक आणि आतून पापड! वाकून बघा, बोटाने दाबून बघा.

आमचं मत? २००५ नंतरची तिसरी पिढी, शक्यतो दोन लिटरची. सुमारे १६० अश्वशक्ती रोजच्या वापराला भरपूर झाली.

पैसे देण्याआधी

एमओटी बघा : दरवर्षीच्या या तपासणीचा इतिहास सरकारी साइटवर नंबर प्लेट टाकली की फुकट दिसतो. मीटरचं रीडिंग मध्येच कमी झालंय का? ‘कोरोजन’ हा शब्द दर वर्षी डोकावतोय का? जाहिरातीपेक्षा यावर जास्त विश्वास ठेवा.

लंडनकरांनो, सावधान : २९ ऑगस्ट २०२३ पासून युलेझ पूर्ण लंडनभर लागू झालाय. नियमात न बसणारी गाडी काढली की दिवसाला साडेबारा पौंड. एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीवर भाळण्याआधी नंबर टाकून तपासा.

लायसन्स आणि विमा : भारतीय लायसन्स तिकडे राहायला गेल्यापासून बारा महिनेच चालतं. नंतर तिकडची परीक्षा द्यावीच लागते. विम्याचं कोटेशन गाडी बघायला जाण्याआधी घ्या. नव्या ड्रायव्हरला स्पोर्ट्स कारचा विमा कधीकधी गाडीएवढा पडतो!

गार इंजिन मागा : पोहोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. ते गरम असेल, तर गाडी आधीच सुरू करून ठेवलीय. का, ते विचारा. दिवसाउजेडी जा आणि गाड्यांचं वेड नसलेला एखादा मित्र सोबत न्या. ‘चल, निघू या’ म्हणायचं काम त्याचं.

आणि चौघींपैकी कुठलीही निवडा, निवडायची मात्र ‘गाडी’, ‘मॉडेल’ नाही. सर्व्हिसची बिलं फाइलला लावून ठेवणाऱ्या काकांची साधी एमएक्स-५ ही तीन मालक बदललेल्या, मोठा सायलेन्सर लावलेल्या ३५०झेडपेक्षा केव्हाही भारी.

मग एखाद्या रविवारी ऊन पडेल. छत खाली करून आईला व्हिडिओ कॉल लावाल. ती दोन मिनिटं गाडी न्याहाळेल आणि विचारेल, ‘‘अरे, दोनच सीट? आम्ही आल्यावर बसायचं कुठे?’’

बाजूला ठेवलेले पैसे अजून शाबूत असतील, तर हसत सांगता येईल, ‘‘आई, तू पुढे बस. बाबांना ट्रेनचं तिकीट काढलंय!’’