बेकार कोणास म्हणावे?

पहाटे पाणी भरण्यापासून रात्री भांडी आवरण्यापर्यंत राबणारी गृहिणी बेकार म्हणावयाची काय? संख्याशास्त्रज्ञ म्हणतात, नाही. परंतु ती रोजगारातही नाही. तिची जागा श्रमशक्तीच्या बाहेर! तीच घरच्या दुकानात नियमाने विनावेतन बसू लागली, की रोजगारात मोजली जाते. हा न्याय अजबच खरा. बेकार तो, ज्याला काम नाही, पण जो ते शोधतो वा करावयास तयार असतो. बेकारीचे प्रमाण लोकसंख्येशी नव्हे, श्रमशक्तीशी काढतात. त्यामुळे नोकरी शोधून थकलेल्या तरुणांनी पुन्हा महाविद्यालयात नावे घातली, तर कोणालाही काम न मिळता ते प्रमाण उतरते. २०१७ साली सुरू झालेल्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या साप्ताहिक मोजणीत तर सात दिवसांत एक तास काम केलेलाही रोजगारातच धरतात.