सालदार टिकतो कशाने?

पाडवा जवळ आला की गावोगाव सालदार ठरवण्याची बोलणी सुरू होतात. खानदेशात ती आखाजीला होतात. दोन माणसांसमोर सालाचा आकडा ठरतो, थोडी उचल हातावर पडते आणि गडी कामाला लागतो. मग ऐन पेरणीत एके दिवशी तोच गडी येत नाही. "हल्ली माणसं इमानाची राहिली नाहीत," असे म्हणून आपण मोकळे होतो. पण शेतकरी बंधूंनो, नीट आठवून पाहा. पाडव्याला फक्त आकडा ठरला होता. बाकी काहीच ठरले नव्हते.

कारखान्यात माणसांचे प्रश्न पाहायला वेगळा अधिकारी असतो. शेतावर तो अधिकारी तुम्हीच. त्यासाठी मोठे शिक्षण लागत नाही. चार गोष्टी मात्र पाळाव्या लागतात.

आधी सारे बोलून घ्या

सकाळी किती वाजता यायचे? रात्रीची दारे धरायची का? गोठ्यातले शेण त्यानेच काढायचे का? महिन्याला किती खाडे माफ? आजारी पडला तर पैसे कापणार का? धान्य, कपडे, चप्पल यांपैकी काय देणार? अर्ध्या तासाचे हे बोलणे वर्षभराची कुरबूर वाचवते. मजुरी मात्र शासनाने शेतमजुरांसाठी ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी असू नये.

उचलीची वही

तोंडी हिशेबात मालकाला उचल आठवते आणि गड्याला कष्ट आठवतात. म्हणून वही ठेवा. एका पानावर खाडे, दुसऱ्यावर उचल.

समजा, साल १,२०,००० रुपये ठरले, म्हणजे महिना १०,०००. पाडव्याला २०,००० उचल दिली, पुढे घरच्या आजारपणात ५,००० आणि पोळ्याला ३,०००. सहा महिन्यांत त्याची कमाई झाली ६०,०००, उचल गेली २८,०००. म्हणजे ३२,००० रुपये तुम्हीच त्याचे देणे लागता! वही नसती तर, "एवढी उचल नेली, आणखी काय मागतोस?" असे तुम्ही त्याला सुनावले असते.

दर महिन्याला हिशेब त्याला वाचून दाखवा आणि तसाच त्याच्याही वहीत लिहून द्या. आणखी एक लक्षात ठेवा. उचल फिटली नाही म्हणून कुणाला जबरीने राबवून घेणे हा १९७६ च्या वेठबिगारीविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

चूक एकट्याला सांगा

बैलाचा खांदा सुजला. तुम्ही बांधावरून, निंदणाऱ्या बायांसमोर गड्यावर ओरडलात. तो गप्प राहिला, पण त्याचे मन त्याच क्षणी उठले. त्याऐवजी त्याला विहिरीवर बाजूला घ्या आणि आधी विचारा, "काय झालं रे?" कदाचित जू खराब झाले असेल आणि ते बदला म्हणून त्याने तुम्हाला दोनदा सांगितलेही असेल.

बायांचा हिशेब

इथे घरच्या लक्ष्मीचा शब्द मोलाचा. कुणाची पात का मागे राहिली, कुणाला दिवस गेले आहेत, कुणाचे तान्हे झाडाखाली झोळीत आहे, हे तिला अचूक ठाऊक असते. कामे वाटताना तिला विचारा. एकाच कामाला बाईला कमी आणि गड्याला जास्त, हे चालणार नाही. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला आणि तेच तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेतही आहे.

जिवाची काळजी

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. म्हणून हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे आणि हात धुवायला साबण तुम्ही द्या. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारायला लावू नका. गडी "चक्कर येते" म्हणाला तर तो कामचुकार आहे असे समजू नका. काम लगेच थांबवा, त्याचे कपडे बदलायला लावा, अंग साबणाने धुवायला सांगा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन त्याला दवाखान्यात न्या.

एवढे करूनही गडी जायचाच असेल तर अडवू नका. त्याच दिवशी वही उघडा आणि त्याची बाकी हातावर ठेवा. गावात ही गोष्ट लपत नाही. पुढच्या पाडव्याला तुमच्या दारी कोण येणार, हे त्यावरच ठरते.