बाळाचं मूळ आजोळी शोधा

तान्हेपणीच गेलेल्या मुलाचं नाव वंशावळीत बहुधा नसतंच. कोल्हापुरात शोध घ्यायचा तर आधी महापालिकेची जन्म-मृत्यू नोंद पाहावी. 1969च्या कायद्यानुसार दोन्ही घटना 21 दिवसांत कळवायच्या असतात. बारशाआधी गेलेल्या बाळाची नोंद बिननावाची. तिथे आईवडिलांची नावं हाच धागा. बहुतेक हिंदू घरांत तान्ह्या मुलाला पुरतात. अस्थिविसर्जन होत नाही, त्यामुळे तीर्थोपाध्यायांच्या वहीतही ते सहसा सापडत नाही.

कागद संपले की डीएनए. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. म्हणून जुळणी मामा, मावशी, मावसभावंडांशी पाहायची, चुलत्याशी नव्हे. मात्र दूरदूरच्या घराण्यांतही तो सारखा निघू शकतो. उदाहरणार्थ, 1912मध्ये बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरचं एक अनोळखी मूल हॅलिफॅक्सला पुरलं होतं. 2002मध्ये डीएनएवरून ते 13 महिन्यांचा एइनो पानुला ठरलं. पण जपून ठेवलेले त्याचे बूट त्या वयाला मोठे होते. डीएनएचा आणखी भाग तपासल्यावर तो 19 महिन्यांचा सिडनी गुडविन निघाला.

तेव्हा नुसत्या अहवालावर विसंबू नका. कागद, वस्तू आणि आजोळची माणसं, तिन्ही पडताळा.