मोटारीच्या शिरा आणि सांधे

मोटारीची किल्ली फिरवली की इंजिन गुरगुरते, दिवे लागतात, भोंगा वाजतो. या सगळ्यांना बॅटरीतली वीज पोचवते ती तारांची एक लांबलचक जुडी. कारखान्यात तिला हार्नेस म्हणतात. आपले मेस्त्री नुसते ‘वायरिंग’ म्हणतात. झाडाच्या बुंध्याला फांद्या फुटाव्यात तसे या जुडीला जागोजागी फाटे फुटतात.

घरात वीज एका तारेने येते आणि दुसरीने परत जाते. मोटारीत मात्र बऱ्याच ठिकाणी दिव्यापर्यंत जाणारी एकच लांब तार असते. मग परतीची वाट कोणती? तर गाडीचा लोखंडी सांगाडा! बॅटरीचे ऋण टोक त्यालाच जोडलेले असते. याला ‘अर्थ’ म्हणतात.

आता गंमत अशी, की तार सहसा बिघडत नाही. बिघडतो तो सांधा. दोन तारा जिथे जुळतात त्या खटक्याच्या डबीला मेस्त्री ‘कपलर’ म्हणतात. पितळेच्या भांड्यात ताक कळकते, हे घरोघर ठाऊक आहे. कपलरमधल्या पितळी पट्ट्यांचेही पावसाने आणि खाऱ्या हवेने तेच होते. म्हणूनच त्यांवर पुष्कळदा कथलाचा मुलामा, म्हणजे कल्हईच, दिलेली असते.

कळकलेल्या सांध्यात विजेला अडथळा होतो. समजा, हा रोध अवघा ०.२ ओहम आहे आणि त्यातून १० अँपिअर प्रवाह वाहतो आहे. मग बॅटरीच्या १२ व्होल्टपैकी २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. दिवा मिणमिणतो, आणि सांध्यात २० वॉट उष्णता साठू लागते. तेवढ्याने प्लॅस्टिकची डबी वितळू शकते. फ्यूज उडत नाही का? नाही! फ्यूज उडतो तो प्रवाह वाढल्यावर. इथे तर प्रवाह उलट घटलेला असतो. धोका आहे तो इथेच.

म्हणून लक्षणे वाचायला शिकावे. ब्रेक दाबताच शेजारचा दिशादर्शक दिवाही मिणमिणू लागला, तर बल्ब बदलण्याआधी मागच्या दिव्यांचा अर्थ तपासावा. तीन गोष्टी एकदम बंद पडल्या, तर ते तीन बिघाड बहुधा नसतात. तिघींना वीज वाटून देणारा एखादा सामाईक सांधा किंवा फ्यूज असतो. तो आधी शोधावा.

आणि दोन गोष्टी मुळीच करू नयेत. नवा भोंगा बसवण्यासाठी मूळ तार सोलून तिला नुसता पीळ मारू नये. तसेच, फ्यूज वारंवार उडतो म्हणून १० अँपिअरच्या जागी ३० चा घालू नये. फ्यूज असतो तो तारेच्या रक्षणासाठी. पहारेकरीच झोपवला, तर जळण्याची पाळी तारेवर येते, आणि तारेबरोबर गाडीवरही.