तार साधी, जोड पक्का

घरच्या घरी हेडफोनची केबल बनवताना काय घ्यावं, कशावर खर्च करावा आणि कशावर करू नये

हेडफोनवर गाणं चालू आहे, व्हायोलिनं ऐकू येतात, कोरस लांबून घुमतोय आणि मुख्य गायकच गायब आहे. पिन जराशी पिळली की गायक परत येतो, सोडली की पुन्हा जातो. हा अनुभव अनेकांना आलेला असतो आणि बहुतेक जण त्यानंतर हेडफोन टाकून देतात. खरं तर हेडफोनला काहीच झालेलं नसतं. डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या परतीच्या तारा पिनेच्या बुडाशी एकत्र येतात. तो एक सांधा सुटला की वीज एका स्पीकरमधून थेट दुसऱ्यात शिरते. दोन्ही बाजूंना जे सारखं असतं, म्हणजे बहुतेक वेळा मधोमध ध्वनिमुद्रित केलेला गायकाचा आवाज, ते कटून जातं. दोन बाजूंना वेगवेगळं असलेलं तेवढं उरतं. दुखणं पिनेजवळच्या दोन इंचांत असतं आणि त्यापायी चांगला हेडफोन कचऱ्यात जातो.

मुलुंडहून रोज सीएसएमटी गाठणाऱ्यांच्या हेडफोनला हे दुखणं लवकर जडतं. फोन खिशात, पिन वाकलेली, गर्दीत वायर कुणाच्या तरी बॅगेच्या बंदात अडकलेली. केबल मधोमध क्वचित तुटते. ती जाते पिनेच्या मानेशी, नाही तर कानाच्या कपात शिरते तिथे. म्हणून घरी केबल करायची तर आधी सांध्यांचा विचार करावा, मग लवचीकपणाचा आणि धातूचा सगळ्यात शेवटी. बाजारात जाहिरात मात्र धातूचीच जास्त असते.

धातू: तांबं पुरेसं आहे

चांदी तांब्यापेक्षा वीज चांगली वाहते हे खरं, पण फरक जेमतेम सहा टक्क्यांचा. २६ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.१३ ओहम असतो. केबल दीड मीटरची धरली तर जाऊन-येऊन तीन मीटर तार होते, म्हणजे ०.४ ओहम. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये त्यामुळे आवाज साधारण ०.१ डेसिबलने कमी होतो. सेनहायझरच्या एचडी ६००सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनमध्ये तर तो फरक नगण्यच. चांदी वापरून या ०.४ ओहमचे ०.३८ होतील. कानाला ते कळणार नाही, खिशाला कळेल.

उच्च स्वर तारेच्या पृष्ठभागावरून वाहतात, म्हणून खास तार घ्या, असंही सांगितलं जातं. तत्त्व खरं आहे, पण इथे लागू पडत नाही. २० हजार हर्ट्झला वीज तांब्यात जवळजवळ अर्धा मिलिमीटर खोलवर शिरते आणि २६ गेजची तार अख्खी मिळूनच ०.४ मिलिमीटर जाडीची असते.

फसवणूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. स्वस्त वायरमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेला असतो. अशी तार वीज कमी वाहते, चटकन तुटते आणि तिला सोल्डर नीट धरत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. एक तंतू ब्लेडने खरवडावा. वरून तांबूस आणि आत पांढरा निघाला तर ते ॲल्युमिनियम. वरून पांढरा आणि आत तांबूस निघाला तर ते कथलाचा मुलामा दिलेलं अस्सल तांबं, ते बिनधास्त घ्यावं.

जाडी आणि कोअर

फोनसोबत वापरायच्या केबलला २६ किंवा २८ गेज योग्य. ३० गेजची तार मऊ आणि हलकी असते, पण दीड मीटरला जाऊन-येऊन तिचा रोध एक ओहमवर जातो. कानात घालायच्या काही इअरफोनमध्ये एकापेक्षा जास्त बारीक स्पीकर असतात आणि त्यांचा रोध काही स्वरांना अगदी थोड्या ओहमवर उतरतो. तिथे बारीक तारेने आवाजाचा तोल खरोखर बदलू शकतो.

जाडीपेक्षाही महत्त्वाची कोअरची, म्हणजे केबलच्या आतल्या वेगवेगळ्या तारांची, संख्या. तीन कोअरच्या केबलमध्ये दोन्ही कानांची परतीची वाट एकच असते. २६ गेजच्या दीड मीटर सामाईक तारेचा रोध ०.२ ओहम. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये त्यामुळे डाव्या बाजूच्या आवाजाचा सुमारे एकशेसाठावा हिस्सा उजव्या कानात झिरपतो. चार कोअर घेऊन दोन्ही परतीच्या तारा थेट पिनेपर्यंत वेगळ्या नेल्या की हे झिरपणं जवळजवळ थांबतं. खर्च एका तारेचा आणि उपयोग मोजून दाखवता येईल असा. पुढेमागे बॅलन्स्ड पिन, म्हणजे दोन्ही कानांच्या परतीच्या वाटा वेगळ्या ठेवणारी पिन, लावायची झाली तरी केबल तीच राहते.

चार कोअरची बारीक मायक्रोफोन केबल हा सगळ्यात सोपा मार्ग. मोगामी या जपानी कंपनीची २८९३ नंबरची केबल याच कामासाठी जगभर वापरली जाते: २६ गेजचे चार कोअर आणि बाहेरची जाडी ४.८ मिलिमीटर. तिच्यावर जाळी असते, पण हेडफोनला तिची गरज नाही. मायक्रोफोनमधून येणारा संकेत इतका नाजूक असतो की त्याला बाहेरच्या गुणगुणीपासून जपावं लागतं. हेडफोनला जाणारा संकेत त्याच्या मानाने दणकट असतो. जाळी कापून टाकली तरी चालते.

घरी टेबलाशी बसून ऐकणाऱ्याला ही केबल उत्तम. लोकलमध्ये कानात घालायच्या इअरफोनला मात्र ती जड पडते. तिथे चार बारीक, खूप तंतूंच्या तारा वेणीसारख्या गुंफाव्यात. आवरणाचा विचार इथे करावा लागतो. टेफ्लॉनचं आवरण सोल्डरच्या उष्णतेला दाद देत नाही, पण ताठ असतं आणि शर्टाच्या कॉलरला घासलं की खरखर थेट कानात पोचवतं. सिलिकॉन मऊ आणि उष्णता सोसणारं, फक्त धूळ धरतं. पीव्हीसी स्वस्त, मात्र सोल्डरिंग आयर्न रेंगाळलं की मागे सरकतं आणि तार उघडी पडते.

पिन: इथे हात आखडू नये

मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात ३.५ मिलिमीटरच्या पिनेला ‘ईपी’ आणि ६.३५ मिलिमीटरच्या मोठ्या पिनेला ‘पी-३८’ म्हणतात. मोठी पिन एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावरून आली. छोटी पिन ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर रुळली आणि १९७९ साली आलेल्या सोनीच्या वॉकमनने ती घरोघर नेली. ४.४ मिलिमीटरची पाच जोडांची बॅलन्स्ड पिन २०१६ साली जपानमध्ये प्रमाणित झाली.

स्टिरिओ पिनेचं टोक डावं, मधलं कडं उजवं आणि बुडाचा भाग सामाईक परतीचा. माइक असलेल्या पिनेला चौथा जोड असतो. आजच्या बहुतेक फोनमध्ये टोकाकडून तिसरा जोड परतीचा आणि चौथा माइकचा. काही जुन्या फोनमध्ये हे दोन उलट असत, म्हणून जुन्या हेडसेटला माइकची पिन लावण्याआधी खात्री करून घ्यावी.

दुकानात पिन हातात घेतली की टोपी उघडून तीन गोष्टी पाहाव्यात. केबल घट्ट धरणारी पट्टी किंवा कॉलर आत आहे का? टोपीचं तोंड आपल्या केबलच्या जाडीचं आहे का? ४.८ मिलिमीटरची केबल अनेक ईपी पिनांत शिरतच नाही. आणि पिनेचा खांदा फोनच्या कव्हरच्या भोकातून आत जाईल इतका बारीक आहे का? कव्हर लावलेला फोन सोबत नेला तर हे तिथल्या तिथे कळतं. आपल्याकडे एमएक्स कंपनीच्या पिना सर्रास मिळतात. लिश्टेनश्टाइनच्या न्यूट्रिकच्या आणि तिच्याच रीन या नावाच्या पिना महाग, पण केबलची पकड उत्तम. न्यूट्रिकच्या नकलाही विकल्या जातात, तेव्हा ओळखीच्या दुकानातूनच घ्याव्यात.

कानाकडचे जोड हेडफोनप्रमाणे बदलतात. एचडी ६०० आणि ६५०च्या जोडाला एक जाड आणि एक बारीक अशा दोन पिना असतात, त्यामुळे तो उलटा बसत नाही. एकेजीच्या अनेक हेडफोनना तीन पिनांचा मिनी एक्सएलआर लागतो. इअरफोनमध्ये ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिना किंवा गोल फिरणारा एमएमसीएक्स. दोन पिनांच्या जोडात दक्षता हवी. एका बाजूची तार उलटी लागली तर डोक्याच्या मधोमध ऐकू येणारा गायकाचा आवाज विखरून जातो.

सांधा

२५ वॉटचं आयर्न आणि ६०-४०ची, आत रोझिन असलेली सोल्डर वायर एवढं पुरतं. यात शिसं असतं, तेव्हा खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाल्यावर हात धुवावेत.

टोपी आणि हिट श्रिंक नळी तारेत आधी ओवून घ्यावी. पिन एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून ठेवावी, म्हणजे आतलं प्लॅस्टिक तापून मऊ झालं तरी जोड हलत नाहीत. जुन्या केबलमधले लाल, हिरवे, तांबूस तंतू रंगीत दिसतात ते त्यांच्यावरच्या इनॅमलमुळे. ते निघाल्याशिवाय सोल्डर धरत नाही. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन तंतू त्यात बुडवून धरले की इनॅमल धूर सोडत जळतं आणि तंतू चकचकीत होतात. काही वायरमध्ये तर सुती दोऱ्यावर तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेली असते, तिथे आयर्न क्षणभरच टेकवावं.

तार आणि जोड दोन्हींना आधी वेगवेगळं सोल्डर लावून मग एकमेकांना टेकवलं की सांधा पटकन बसतो. तो गुळगुळीत आणि चमकदार दिसला पाहिजे. खडबडीत, राखाडी गोळा दिसला तर तो ड्राय सोल्डर, पुन्हा तापवावा. मग केबल पट्टीत आवळावी. ओढ पट्टीवर आली पाहिजे, सोल्डरवर नाही. घरगुती केबलचं आयुष्य या एका गोष्टीवर ठरतं.

फोनला लावण्याआधी मल्टिमीटरच्या बझरवर प्रत्येक जोड तपासावा आणि केबल दोन्ही टोकांशी वाकवून पुन्हा तपासावा. बझर तुटक वाजला तर सांधा कच्चा आहे.

खरेदी

मुलुंडकरांनी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावं. स्टेशनच्या पूर्वेला जवळच लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवार बरा. वायर, पिना, नळ्या, आयर्न, मीटर सगळं एका फेरीत होतं.

या शहराचं हेडफोनशी नातं जुनं आहे. १९२३ साली बॉम्बे रेडिओ क्लबने प्रक्षेपण सुरू केलं आणि २३ जुलै १९२७ला मुंबईचं नभोवाणी केंद्र उघडलं, त्या काळातला साधा क्रिस्टल सेट हेडफोनशिवाय ऐकताच येत नसे. असे सेट लोक घरीही जुळवत.

२०२२च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केलं. ते स्वागतार्हच आहे. पण हक्क बजावायला हातात थोडं कसबही लागतं आणि हेडफोनची केबल हा त्याचा उत्तम पहिला धडा आहे. साहित्य थोडकं, वीज नाममात्र आणि बिघडलं तर एक पिन वाया. या सुट्टीत ड्रॉवरमधला एका कानाने बंद पडलेला हेडफोन बाहेर काढा, पिनेपासून दोन इंच वायर कापा आणि नवी पिन लावा. तो जमला की चार कोअरची पूर्ण केबल अवघड वाटणार नाही.