तेल, चांदी आणि हिरवं कापड

प्रोजेक्टरच्या दातेरी चाकांना तेल कसं मिळत राहील, या एका प्रश्नावर एका माणसानं आयुष्याची बरीच वर्षं घालवली. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात तो भेटतो. नाव प्रकाश. (सिनेमाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्याचं नाव मी कथेत प्रकाश ठेवलं असतं, तर संपादकांनी ते खोडलं असतं.) जुने प्रोजेक्टर दुरुस्त करता करता त्यानं स्वतःचाच एक प्रोजेक्टर घडवला. त्यातली चाकं तेलातच फिरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा तेल सोडायची कटकट नाही. ते यंत्र तो उघडून दाखवतो तेव्हा दुपट्यातलं नातवंड दाखवणाऱ्या आजोबांसारखा खुललेला असतो. बघणाऱ्याला मात्र कळून चुकलेलं असतं की हे यंत्र आता कुणी विकत घेणार नाही. फिल्मचं रीळ जाऊन हार्ड डिस्क आलेली आहे.

माहितीपट कशाला बघायचे, असं कुणी विचारलं की मी आधी हा प्रसंग सांगतो. ‘माहितीपट’ हा शब्दच मला फारसा आवडत नाही. माहिती हवी असेल तर पुस्तक बरं, आणि आता तर खिशातला फोनही पुरतो. ‘अनुबोधपट’ म्हटलं की शाळेतल्या फळ्याचा वास येतो. दोष आपल्या सवयीचाही आहे. 1948 मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झालं आणि पुढची कित्येक वर्षं मुख्य सिनेमाआधी त्यांची रिळं दाखवणं थिएटरांना बंधनकारक होतं. धरणं, कारखाने, पाहुण्या पंतप्रधानांचं विमानतळावरचं स्वागत. त्या पंधरा मिनिटांत लोक बाहेर उभे राहून शेंगदाणे खायचे. त्याच संस्थेत एस. एन. एस. शास्त्रींनी 1967 मध्ये ‘आय अ‍ॅम 20’ केला होता. देशाबरोबरच जन्मलेल्या, वीस वर्षांच्या पोरापोरींशी मोकळ्या गप्पा. आजही तो ताजा वाटतो. पण शेंगदाणे खाणाऱ्यांना तो कोण सांगणार?

तर इथे मी तीनच माहितीपटांबद्दल जरा ऐसपैस लिहिणार आहे. तिन्ही सिनेमाबद्दलचे आहेत आणि तिन्ही आपल्या मातीत घडतात: एक जत्रेच्या तंबूत, एक मालेगावात, एक पुण्यात. नटनट्यांचे किस्से सांगणारे कार्यक्रम आपण पुष्कळ बघतो. सिनेमा हे हातांनी करायचं काम आहे, त्यात घाम, गंज, तेल, कापड असतं, हे मला या तिन्हींनी दाखवलं.

‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया या दोघांचा. महाराष्ट्रातल्या जत्रांत तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजच्या मागे ही दोघं अनेक वर्षं फिरली. मधेशियांनी तंबूतल्या प्रेक्षकांचे काढलेले फोटो 2011 मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळवून गेले होते; माहितीपट 2016 मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचा खास उल्लेख झाला. हे सगळं ठीक. मला त्यातला वेळ महत्त्वाचा वाटतो. दोन दिवस येऊन मुलाखत घेऊन जाणाऱ्याला ट्रकचा गंज दिसेल, पण तो गंज गेल्या जत्रेपेक्षा किती वाढलाय ते दिसणार नाही.

जत्रेचा हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. एक गाव झालं की तंबू, खांब, प्रोजेक्टर सगळं ट्रकवर चढवायचं आणि पुढची जत्रा गाठायची. पस्तीस मिलिमीटरचं हजार फुटांचं एक रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालतं. म्हणजे तीन तासांच्या हिंदी सिनेमाला सोळा-सतरा रिळं आणि ती लोखंडी पेट्यांतून वाहून न्यायची. पडद्यावर चित्र हलतं असं आपण म्हणतो, पण प्रोजेक्टरमध्ये नेमकं उलटं घडत असतं. सेकंदाला चोवीस वेळा एकेक चौकट दिव्यासमोर येते, क्षणभर गप्प उभी राहते आणि मग झटक्यात खाली खेचली जाते. हे थांबणं-खेचणं करणारा छोटासा दातेरी भाग झिजला की चित्र थरथरायला लागतं. प्रकाशचा सगळा ध्यास या झिजेविरुद्धचा आहे, हे लक्षात आलं की त्याचा तेलाचा हट्ट वेडेपणाचा वाटत नाही.

तंबूवाले दोघे. मोहम्मद धंद्यात मुरलेला, काळाचा वारा ओळखणारा. बापू म्हातारा, पोरांत रमणारा. त्याचा ट्रक आणि तो यांत जास्त जुनं कोण हे सांगणं अवघड. मोहम्मद डिजिटल प्रोजेक्टर आणतो. आता रिळं नकोत, पेट्या नकोत, सगळं कसं स्वच्छ. आणि पहिल्याच खेळाला यंत्र अडून बसतं. बाहेर तिकीट काढलेली गर्दी, आत न उमटणारा पडदा आणि मोहम्मद फोन लावून पलीकडच्या माणसाला विचारतोय की आता काय दाबू. जुना प्रोजेक्टर अडला असता तर त्यानं पाना घेतला असता. इथे हातांना करण्यासारखं काहीच उरलेलं नाही. पात्रांनी त्याविषयी एक वाक्य न बोलता एक अख्खा बदल या प्रसंगात सांगून होतो.

दुसरा माहितीपट हसवतो. म्हणजे आधी हसवतो. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ 2008 चा. थिएटरात यायला त्याला 2012 उजाडलं. मालेगाव यंत्रमागांचं गाव. शुक्रवारी माग बंद, म्हणून शुक्रवार सिनेमाचा. तिथे नासिर शेख नावाच्या माणसानं स्वतःच्या व्हिडिओ पार्लरमध्ये सिनेमे दाखवता दाखवता संकलन शिकून घेतलं आणि ‘मालेगाव के शोले’ काढला. त्यात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात. मग त्याला सुपरमॅन करायची हौस आली.

सुपरमॅन उडवायचा कसा? त्यासाठी हिरव्या रंगाच्या पार्श्वभूमीवर चित्रण करून नंतर संगणकावर तो हिरवा रंग काढून आकाश घालायचं असतं. नासिरनं हिरवं कापड आणलं, ट्रकला ताणून बांधलं आणि नायकाला एका दांडक्यावर आडवा करून ट्रक पळवला. वाऱ्यानं अंगावरचा झगा उडाला, झालं काम. नायक शफीक शेख मागावर काम करणारा, इतका किडकिडीत की सुपरमॅनचा पोशाख त्याच्या अंगावर दांडीवर वाळत घातल्यासारखा दिसतो. चित्रणाच्या मध्येच त्याचं लग्न निघतं आणि सुपरमॅनला सुट्टी द्यावी लागते. एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडतो. तो वाळवून, दुरुस्त करून पुन्हा कामाला लावण्याची जी धडपड चालते, तिच्याकडे बघताना आपण हसत असतो खरे, पण हसू जरा अडखळायला लागतं.

फैजा खान यांचं कौतुक यासाठी की त्या या माणसांना कुठेही खुळे ठरवत नाहीत. ‘बघा, गरिबांची गंमत’ असा सूर लावणं फार सोपं होतं. नासिर आपल्या धंद्याविषयी जे बोलतो ते फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऐकू यावं इतकं पक्कं आहे. लेखक फरोग जाफरी मुंबईच्या स्वप्नाविषयी बोलतो तेव्हा कॅमेरा त्याच्यावर थांबतो, त्याला बोलू देतो, नंतर गप्पही राहू देतो. या गावाचं नाव 2006 आणि 2008 च्या बॉम्बस्फोटांच्या बातम्यांतून आपल्या कानांवर आदळलं होतं. या तासाभरात तेच गाव एका माणसाला उडवण्यासाठी कापडाची गाठ कुठे मारायची यावर वाद घालताना दिसतं. शफीक 2011 मध्ये कर्करोगानं गेला. त्यांच्या सिनेमातला खलनायक तंबाखूचं साम्राज्य उभारणारा होता. हे कळल्यावर मी तो माहितीपट पुन्हा लावला आणि ट्रकच्या प्रसंगापाशी थांबवला. पुढे नेववेना.

रीमा कागती यांनी याच मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा कथापट केला. चांगला आहे. पण दोन्हींतून एकच बघायचा असेल तर आधीचा बघा.

आता चांदी. फिल्मच्या पट्टीवर चित्र उमटतं ते चांदीच्या क्षारांमुळे. त्यामुळे जुना सिनेमा धुऊन त्यातली चांदी काढून विकता येते, आणि आपल्याकडे ती विकली गेली. ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट 1931 चा. त्याची एकही प्रत आज नाही. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर त्याच्या शोधात, तो काढणाऱ्या अर्देशीर इराणींच्या घरापर्यंत पोचले होते. काही रिळं असतील असं म्हाताऱ्या इराणींनी सांगितलं. मुलानं नंतर बाजूला घेऊन सांगितलं की त्यातली चांदी काढून ती केव्हाच विकली. ‘सेल्युलॉइड मॅन’ या तिसऱ्या माहितीपटात हे ऐकताना कुणाचा राग करावा तेही कळत नाही.

शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा हा 2012 चा माहितीपट नायरांवर आहे. 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं आणि नायरांनी ते जवळजवळ एकहाती उभं केलं. 1991 मध्ये ते निवृत्त झाले तोवर बारा हजारांच्या आसपास चित्रपट गोळा झाले होते. आपल्याकडे सतराशेच्या घरात मूकपट निघाले, त्यातले फारच थोडे पूर्ण वा अपूर्ण स्वरूपात उरले. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चं जे काही आज बघायला मिळतं, ते पहिलं आणि शेवटचं रीळ. मधलं सगळं गेलं. ‘कालिया मर्दन’ मात्र नायरांनी फाळके कुटुंबाकडून मिळालेल्या तुकड्यांतून जुळवून घेतला. 2003 मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली तेव्हा आणखी किती तरी रिळं राख झाली.

अंधाऱ्या सभागृहात छोटी टॉर्च घेऊन नायर वहीत टिपणं करायचे. कुठला प्रसंग कितव्या रिळात आहे हे त्यांना पाठ असायचं. बालपणी वाळूत बसून तंबूतले सिनेमे बघितलेला हा माणूस तिकिटांचे तुकडेसुद्धा जपून ठेवायचा. अशा माणसावरचा माहितीपट भाबडा होण्याचा धोका होताच आणि अडीच तासांत तो अधूनमधून होतोही. स्तुतीची काही मिनिटं मी खुशाल कापली असती. पण मग कर्नाटकातलं हेग्गोडू येतं. संग्रहालयातले सिनेमे या खेड्यात दाखवले गेले होते. तिथला एक गावकरी जगातल्या थोर सिनेमांविषयी शेजारच्या वाडीतली गोष्ट सांगावी तसा बोलतो. नायर कशासाठी रिळं गोळा करत होते, हे तिथे कळतं.

माहितीपटांचा हा सगळा खटाटोप आपल्याकडे सिनेमाइतकाच जुना आहे. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी 1899 मध्ये मुंबईत कुस्ती चित्रित केली आणि 1901 मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं स्वागत. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून त्याचं थोडं थोडं चित्रण करत राहिले. महिनाभरानं पडद्यावर रोप भराभर वर आलेलं दिसलं, आणि भांडवल घालणाऱ्याची खात्री पटली. कथापटाला पैसे मिळाले ते एका माहितीपटामुळे, ही गोष्ट आपल्या निर्मात्यांना कुणी तरी सांगायला हवी.

आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ मी इथे मुद्दाम घेतला नाही. 1997 चा मुंबईतल्या रमाबाई नगरचा गोळीबार आणि शाहीर विलास घोगऱ्यांचा मृत्यू यांपासून सुरू होऊन चौदा वर्षं चित्रित झालेल्या त्या कामाला परिच्छेदभर जागा देणं बरं नव्हे. विदर्भातल्या शेतकऱ्यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ही तसाच राहिला.

गेल्या दिवाळीत आई आली होती तेव्हा तिला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ दाखवला. आमच्या माण-खटावकडच्या गावात जत्रेला तंबू लागायचा, म्हटलं तिला आठवणी येतील. तिनं शेवटपर्यंत बघितला. प्रकाशचा प्रोजेक्टर, बापूचा ट्रक, कशाबद्दलच काही बोलली नाही. मग म्हणाली, “जत्रेला घरात तीस-तीस पाव्हणं. सगळ्यांची जेवणं, भांडी उरकून आम्ही बाया तंबूत जायचो तवर अर्धा शिनेमा झालेला असायचा. मला त्यातल्या एकाचीबी सुरवात ठावं न्हाई.”

थोड्या वेळानं तिनं चष्मा पुसला आणि म्हणाली, “हे पुन्हा लाव. पयल्यापास्नं.”