‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ : या लाल पाटीचं करायचं काय?

नोव्हेंबर महिना जवळ आला की आम्हा पेन्शनरांची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ सुरू होते. इथे नोएडात आमच्या सोसायटीत निवृत्त फौजी बरेच आहेत, त्यामुळे त्या दिवसांत लॅपटॉप आणि मोबाइल घेऊन कुणी ना कुणी विचारायला येतंच. तक्रार बहुधा एकच असते. वेबसाइट उघडायला जावं, तर समोर लाल त्रिकोण आणि त्याखाली इंग्रजीत ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’.

यावर लोक दोन प्रकारे वागतात. काही जण व्हायरस आला असं समजून कॉम्प्युटरच बंद करतात. काही जण ‘ॲडव्हान्स्ड’वर बोट ठेवतात, मग ‘प्रोसीड’वर, आणि सरळ आत जाऊन पासवर्ड टाकतात. दोन्ही गटांनी ती पाटी वाचलेलीच नसते. आज आपण ती वाचायला शिकू.

फौजेत रात्रीच्या पहाऱ्यावरचा संत्री ‘थम, कौन आता है?’ असं विचारतो आणि ओळख पटल्याशिवाय कुणाला आत सोडत नाही. तुमचा ब्राउझर, म्हणजे क्रोम, एज, फायरफॉक्स किंवा सफारी, हेच काम करतो. ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणारी वेबसाइट उघडताना ती आपलं ओळखपत्र दाखवते. त्याला सिक्युरिटी सर्टिफिकेट म्हणतात. ब्राउझर त्यात मुख्यतः तीन गोष्टी तपासतो : नाव बरोबर आहे का, मुदत चालू आहे का, आणि ते विश्वासातल्या संस्थेनं दिलेलं आहे का. एकही गोष्ट जुळली नाही की पाटी येते. कोणती जुळली नाही, हे त्या पाटीतल्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. म्हणून आधी ती ओळ शोधा.

त्या ओळीत ‘डेट इनव्हॅलिड’ असेल, तर प्रश्न तारखेचा आहे. सर्वांत आधी आपलं घड्याळ बघा. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की मशीन बंद केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग आजचं चांगलं सर्टिफिकेटही ब्राउझरला ‘अजून सुरूच न झालेलं’ वाटतं. सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचा पर्याय सुरू करा आणि टाइम झोन भारताचा आहे ना, तेही पाहा. घड्याळ बरोबर असूनही पाटी येत असेल, तर मुदत त्या वेबसाइटची संपली आहे. ते काम त्यांच्या लोकांचं, आपण थांबायचं. सर्टिफिकेटच्या मुदती आता कमी होत चालल्या आहेत. २०२० च्या सप्टेंबरपासून नव्या सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवस झाली. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस असं ठरलेलं आहे. नूतनीकरण हातानं करणाऱ्या कार्यालयांची मुदत चुकण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ असेल, तर पत्ता आणि ओळखपत्रावरचं नाव जुळत नाही. पत्ता पुन्हा स्वतः टाइप करा. एखादं अक्षर चुकलं असेल, किंवा सुरुवातीचं ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू’ घातल्यानं किंवा गाळल्यानं फरक पडत असेल. मेसेजमधल्या लिंकवरून गेला असाल आणि ही पाटी आली, तर ती लिंक सोडूनच द्या.

‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ असेल, तर ओळखपत्र देणारी संस्था तुमच्या मशीनच्या ओळखीची नाही. यामागे साधी कारणंही असतात. विमानतळ किंवा हॉटेलचं वाय-फाय आधी स्वतःचं लॉगिन पान पुढे करतं. तिथे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडून बघा. काही अँटीव्हायरस आणि ऑफिसची नेटवर्क मध्ये थांबून तपासणी करतात, त्यामुळेही असं होतं. आणि फोन फार जुना असेल, तर त्यातली विश्वासू संस्थांची यादीच जुनी असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला आधार देणारं एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं, तेव्हा कित्येक जुन्या उपकरणांवर चांगल्या साइट उघडेनाशा झाल्या होत्या. इथे उपाय एकच, सिस्टीम आणि ब्राउझर अपडेट करणं.

ही यादी म्हणजे या सगळ्या व्यवस्थेची किल्ली आहे. ती किती नाजूक असते याचं उदाहरण आपल्या दिल्लीतलंच आहे. २०१४ च्या जुलैमध्ये गूगलच्या लक्षात आलं, की त्यांच्या काही पत्त्यांच्या नावानं परवानगीशिवाय सर्टिफिकेट दिली गेली आहेत, आणि ती नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरकडून, म्हणजे एनआयसीकडून, निघाली आहेत. एनआयसीला हा अधिकार कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज या भारत सरकारच्या कार्यालयाच्या साखळीतून मिळालेला होता, आणि त्या कार्यालयाचं मूळ सर्टिफिकेट मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं. त्यामुळे विंडोजवरच्या बऱ्याच प्रोग्रॅमना ती खोटी ओळखपत्रं खरीच वाटली असती. फायरफॉक्सची यादी वेगळी असल्यानं त्याला बाधा नव्हती. २ जुलैला गूगलला कळलं आणि ३ जुलैला कंट्रोलरनं एनआयसीची संबंधित सर्टिफिकेट रद्द केली. एनआयसीच्या सर्टिफिकेट देण्याच्या प्रक्रियेतच शिरकाव झाला होता आणि चार सर्टिफिकेट चुकीची निघाली, असं कंट्रोलरकडून कळवण्यात आलं. गूगलचं म्हणणं होतं, की त्या चारांबाहेरचीही आपल्याला दिसली आहेत. शेवटी क्रोमनं त्या भारतीय मूळ सर्टिफिकेटवरचा विश्वास गव्ह-डॉट-इन, एनआयसी-डॉट-इन अशा मोजक्या पत्त्यांपुरता ठेवला.

यातून आपण घ्यायचं ते एवढंच : ओळखपत्र छापणाऱ्याचा शिक्का चुकीच्या हाती गेला, तर संत्री कितीही दक्ष असला तरी फसतो. म्हणून फोनवरून कुणी म्हणालं, ‘साहेब, हे रूट सर्टिफिकेट इन्स्टॉल करा, पाटी येणार नाही’, तर स्पष्ट नकार द्या. पाटी खरंच येणार नाही, पण त्या माणसाचा शिक्का तुमच्या मशीनमध्ये कायमचा चालेल. उद्या त्यानं बँकेच्या नावाचं खोटं ओळखपत्र बनवलं, तर ब्राउझर चकार शब्द काढणार नाही.

आता तपासणीचा क्रम लक्षात ठेवा. आधी पाटीतली ओळ वाचा. मग तारीख-वेळ, मग पत्ता, मग नेटवर्क बदलून, मग दुसऱ्या फोनवर. दुसऱ्या फोनवर आणि दुसऱ्या नेटवर्कवर साइट नीट उघडली, तर दोष आपल्या मशीनमध्ये किंवा आपल्या वाय-फायमध्ये आहे. सगळीकडे पाटी आली, तर बहुधा दोष त्यांचा, आणि दुरुस्तीही त्यांचीच. तोवर पासवर्ड, ओटीपी, आधार क्रमांक, पैसे, यातलं काहीही तिथे द्यायचं नाही. काही साइटवर ‘प्रोसीड’चा पर्यायच दिसत नाही. त्या साइटनं ब्राउझरला आधीच बजावलेलं असतं, की ओळख पटली नाही तर कुणालाही पुढे सोडू नकोस. तो दिसावा म्हणून खटपट करू नका.

एक शेवटची गोष्ट. पाटी आली नाही, म्हणजे समोरचा प्रामाणिक आहे असं नाही. सर्टिफिकेट फक्त सांगतं, की पत्ता तोच आहे. पत्त्यावर कोण बसलंय हे नाही. ठगही आपल्या पत्त्याचं खरं सर्टिफिकेट काही मिनिटांत मोफत मिळवतो. कुलपाच्या चिन्हावर लोक नको तितका विश्वास ठेवतात, म्हणून क्रोमनं २०२३ मध्ये ते कॉम्प्युटरवरच्या पत्त्याच्या पट्टीतून काढून टाकलं. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये भारतीय बँकांना बँक-डॉट-इन या पत्त्यावर येण्यास सांगितलं, तेही याच कारणानं. बँकेचा पत्ता शेवटपर्यंत वाचण्याची सवय लावून घ्या.

आणि पैसे गेलेच, तर वाट न पाहता १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं, तर पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त असते. दाखला आज नाही निघाला तर उद्या निघेल. नोव्हेंबरचे तीस दिवस असतात. जय हिंद.